एकच प्रत म्हणजे शून्य प्रत!

ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्या समाजाच्या घरात एक कागद असणे ही साधी गोष्ट नाही. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, धम्मदीक्षेनंतरचा आजीचा पांढऱ्या साडीतला फोटो, गायरान कसल्याबद्दल भरलेल्या दंडाच्या पावत्या, नामांतराच्या लढ्यात तुरुंगात गेलेल्या काकाचे जामिनाचे कागद. आमच्या माणसांनी हे सारे पत्र्याच्या ट्रंकेत, गोधडीच्या घडीत, बाबासाहेबांच्या तसबिरीमागे जपले. आजची पिढी ते कोठे जपते? एका मोबाईलमध्ये! तो मोबाईल पडला, भिजला, चोरीला गेला किंवा पोलिसांनी जप्त केला की तीन पिढ्यांचा इतिहास त्याच्याबरोबर जातो. याचा आंबेडकरी समाजाने कधी गांभीर्याने विचार केला आहे काय?

आमचे म्हणणे सरळ आहे. ज्या वस्तूची एकच प्रत आहे, तिची एकही प्रत नाही असेच समजून चालले पाहिजे. ही भाषा संगणकवाल्यांची वाटेल. पण हा धडा आम्हाला बाबासाहेबांच्या चरित्रातूनच मिळालेला आहे.

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून भारतात परतावे लागले. पहिले महायुद्ध सुरू होते. ते स्वतः एका बोटीने आले आणि पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके असलेले सामान दुसऱ्या बोटीने निघाले. ती मालवाहू बोट पाणतीराने (टॉर्पेडोने) बुडवली गेली आणि पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. विम्याचे काही पैसे मिळाले. पण पैशाने पुस्तक पुन्हा घेता येते, त्याच्या समासात केलेली टिपणे पुन्हा विकत मिळत नाहीत.

दुसरा प्रसंग त्यांच्या महापरिनिर्वाणानंतरचा आहे. दिल्लीच्या २६, अलीपूर रोड या निवासस्थानी त्यांचे कागद राहिले होते. त्यांच्या सेवेत राहिलेले नानकचंद रत्तू यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, १९६७ च्या जानेवारीत त्यातले कागद खोलीबाहेर उघड्यावर टाकले गेले आणि पावसात भिजून नष्ट झाले. उरलेले कागद कोर्टकचेऱ्यांच्या ताब्यात पेट्यांमध्ये पडून राहिले. पुढे १९७६ साली महाराष्ट्र शासनाने चरित्र साधने प्रकाशन समिती नेमली आणि वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ साली पहिला खंड निघाला. मधल्या तेवीस वर्षांत काय काय गेले, याचा हिशेब आज कोणीही देऊ शकत नाही. आणि जे छापले गेले त्याची तरी काय कथा? ग्रंथांच्या छपाईसाठी घेतलेला कोट्यवधींचा कागद पडून असल्याची बातमी आल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. देशाच्या घटनाकाराच्या कागदांची ही गत, तर तुमच्या-आमच्या बापजाद्यांच्या कागदांची काळजी कोण घेणार? शासन घेणार नाही. विद्यापीठे घेणार नाहीत. आम्हालाच घ्यावी लागेल.

हा केवळ आठवणींचा प्रश्न असता तर या स्तंभात आम्ही एवढी जागा खर्च केली नसती. हा हक्काचा प्रश्न आहे. महाराष्ट्राच्या २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्यातील कलम ८ प्रमाणे आपली जात सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावरच आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने केंद्रीय सवलती मिळाल्या. पण पडताळणीला जाताना आजोबा-पणजोबांच्या दाखल्यावरची नोंदच कामाला येते. गायरान नियमित करून घ्यायचे तर १४ एप्रिल १९९० पूर्वीच्या कसणुकीचा पुरावा लागतो. असे पक्षकार आमच्याकडे नेमाने येतात. कागद होता म्हणतात, पुरात गेला. फोटो काढून ठेवला होता म्हणतात, मोबाईल बदलला. मुलीचा प्रवेश तोंडावर आलेला असतो आणि हातात काहीच नसते. स्कॅन केलेली प्रत मूळ दाखल्याची जागा घेत नाही, हे आम्ही वकील म्हणून स्पष्ट सांगतो. परंतु त्या प्रतीवर शाळेचे नाव, रजिस्टर क्रमांक आणि तारीख दिसते. तेवढ्या धाग्यावरून शाळेच्या रजिस्टरमधला उतारा पुन्हा मिळवता येतो. धागाच नसेल तर वकील तरी काय करणार?

आता मुद्द्यावर येऊ. प्रत ठेवायची तर कशावर ठेवायची? बाजारात गेल्यावर दुकानदार जे पुढे करतो ते आपण घेतो. प्रत्येक साधनाचा स्वभाव वेगळा असतो, तो ओळखून घेतला पाहिजे.

पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड ही ने-आण करण्याची साधने आहेत, सांभाळून ठेवण्याची नव्हेत. त्यांत माहिती विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात असते. वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिल्यास तो भार झिरपत जातो. शिवाय पदपथावर स्वस्तात मिळणाऱ्या पेनड्राइव्हवर लिहिलेली क्षमता अनेकदा खोटी असते. फाईल गेल्यासारखी दिसते, उघडायला जावे तर आत काही नसते.

फिरत्या तबकडीची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घरगुती साठवणुकीला आजही सगळ्यांत परवडणारी आहे. पण ते यंत्र आहे आणि यंत्र बिघडते. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्याकडच्या लाखो डिस्कपैकी किती बंद पडतात याचे आकडे दरवर्षी जाहीर करते. २०२२ मध्ये हे प्रमाण १.३७ टक्के, २०२३ मध्ये १.७० टक्के आणि २०२४ मध्ये १.५७ टक्के होते. म्हणजे थंडगार खोलीत, अखंड विजेवर, कोणी हात न लावता ठेवलेल्या शंभर डिस्कमागेही वर्षाला एक-दोन मरतातच. आपल्याकडे ती डिस्क पिशवीतून एसटीने प्रवास करते, वीज कमी-जास्त होते, लेकरू वायर ओढते. म्हणून डिस्क चांगल्या कंपनीची घ्यावी; पण तिच्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. चार-पाच वर्षे झाली की, चालत असली तरी, नवी घेऊन सारे त्यावर उतरवावे.

सीडी आणि डीव्हीडीचे काय? २००० च्या दशकातली लग्ने, धम्म परिषदा, जयंतीच्या मिरवणुका आपल्याकडे सीडीवर आहेत. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगद्रव्याचा थर उन्हाने आणि दमट हवेने खराब होतो. त्याआधीची चित्रफीत तर आणखी संकटात आहे. व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई या शेवटच्या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केले. फीत शाबूत आहे, पण ती चालवणारे यंत्र उरणार नाही. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांचे गावोगावचे कार्यक्रम कोणाकोणाच्या कॅसेटवर पडून असतील! ज्यांच्या घरी अशा कॅसेट, फिती, सीडी आहेत त्यांनी त्या या वर्षी उतरवून घ्याव्यात. पुढच्या वर्षाचा भरवसा नाही.

क्लाऊड म्हणजे आकाश नव्हे. क्लाऊड म्हणजे दुसऱ्याचा संगणक. त्याचा उपयोग मोठा आहे. कारण तुमच्या घराला आग लागली तरी तो शाबूत राहतो. पण मालक कंपनी आहे आणि नियम तिचे आहेत. ऑर्कुटवर आपल्या हजारो तरुणांनी फोटो टाकले होते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. मायस्पेस या संकेतस्थळाने मार्च २०१९ मध्ये सांगून टाकले की, बारा वर्षांत लोकांनी चढवलेले संगीत सर्व्हर बदलताना गेले. गुगलने फोटोंची अमर्याद मोफत सोय १ जून २०२१ पासून थांबवली आणि दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्यास डिसेंबर २०२३ पासून सुरुवात केली. वारलेल्या वडिलांच्या खात्यात फोटो आहेत म्हणून निर्धास्त राहणाऱ्या मुलांनी हे लक्षात घ्यावे.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोबाईलमधले फोटो आपोआप क्लाऊडवर जातात, म्हणजे प्रत झाली असे लोक समजतात. ती पुष्कळदा केवळ जुळवणी असते. इथे पुसले की तिथेही पुसले जाते. कचरापेटीत ठरावीक दिवस राहते आणि मग कायमचे जाते. इथे चुकून पुसले तरी जी शाबूत राहते, तीच खरी प्रत. तसेच व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो म्हणजे मूळ फोटो नव्हे. तो दाबून लहान केलेला असतो आणि कधी, कोठे, कोणत्या कॅमेऱ्याने काढला ही आतली नोंद त्यातून निघून जाते. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा.

मग उपाय काय? छायाचित्रकारांच्या व्यवसायातून आलेला आणि आता जगभर मान्य झालेला एक सोपा नियम आहे: तीन, दोन, एक. प्रती तीन असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यातली एक घराबाहेर असावी. पहिली प्रत मोबाईलमध्ये किंवा संगणकात. दुसरी हार्ड डिस्कवर. ही डिस्क प्रत उतरवण्यापुरतीच जोडावी, एरवी काढून ठेवावी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरातले संगणक कुलूपबंद केले. अशा वेळी संगणकाला जोडलेली डिस्कही सुटत नाही, कपाटातली सुटते. तिसरी प्रत क्लाऊडवर किंवा दुसऱ्या गावच्या बहिणीच्या घरी.

घराबाहेरच्या प्रतीचा आग्रह आम्ही का धरतो? जुलै २०२१ मध्ये महाडला पूर आला. ज्या गावात १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून माणुसकीचा हक्क सांगितला, त्याच गावात पाणी घराघरांत शिरले. पूर आल्यावर मोबाईल, संगणक आणि कपाटातली डिस्क एकाच घरात असतील तर तिन्ही एकदमच बुडतात. हे गरिबाच्याच घरी घडते असे नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे माहिती केंद्र जळाले, तेव्हा ज्या ग्राहकांची दुसरी प्रत त्याच जागी होती त्यांचे सर्वस्व गेले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथे सरकारी माहिती केंद्राला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या जी-ड्राइव्हमधील ८५८ टेराबाईट माहिती नष्ट झाली, कारण तिची दुसरीकडे प्रतच नव्हती! प्रगत राष्ट्राचे सरकार जे करू शकले नाही, ते आपल्या वस्तीतले एक कुटुंब दोन डिस्क आणि एका नातेवाईकाच्या बळावर करू शकते.

अत्याचाराच्या प्रकरणांत तर हा प्रश्न जीवनमरणाचा होतो. गावात मारहाण झाली, वस्तीवर हल्ला झाला की चित्रीकरण कोणा एका पोराच्या मोबाईलवर असते. पहिला घाला त्या मोबाईलवरच पडतो. नाही पडला तर तो तपासासाठी जप्त होतो. म्हणून मोबाईल सुपूर्द करण्यापूर्वी मूळ फाईलची प्रत दुसरीकडे गेलीच पाहिजे. मूळ फाईल कापू नये, तिच्यावर संगीत चढवू नये, तिचे नावही बदलू नये.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. जालन्याच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ठरवून दिले की, मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले नाही तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र आवश्यकच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांत द्यावे लागते. एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाईलचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा. फाईलमधला एक ठिपका बदलला तरी अंगठा बदलतो. या अंगठ्याची किंमत काय, हे भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणाने देशाला दाखवले. एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फाईली घुसवल्या गेल्या, असा निष्कर्ष आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन संस्थेचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये पुढे आला तेव्हा त्यात होता. तपास यंत्रणेने तो मान्य केला नाही. निकाल न्यायालय देईल. परंतु आपल्या यंत्रात काय होते आणि काय नव्हते हे सांगायला स्वतःकडे तारीखवार प्रत असणे किती मोलाचे आहे, हे कळायला एवढे पुरे आहे.

आता कामाच्या चार गोष्टी. कागद तीनशे डीपीआयला आणि जुने फोटो सहाशेला स्कॅन करावेत. मूळ फोटो फेकू नये. त्याच्या मागे पेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहावे, कारण नाव सांगणारी म्हातारी माणसे आपल्यातून जात आहेत. फाईलचे नाव आधी साल, मग महिना, मग विषय असे द्यावे. आणि चळवळीत लिहिणाऱ्यांसाठी खास: तुमची जुनी पत्रके, निवेदने, मासिकांचे अंक श्रीलिपी, आकृती अशा जुन्या फॉन्टमध्ये असतील, तर आजच्या संगणकावर तो मजकूर अगम्य चिन्हांसारखा दिसतो. फाईल जिवंत, पण अक्षर मेलेले! तो मजकूर युनिकोडमध्ये करून घ्यावा आणि सोबत पीडीएफ ठेवावी. २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये खात्याने स्वतः दिलेला दाखला मूळ दाखल्यासारखा ग्राह्य धरला जातो; आपण स्कॅन करून चढवलेल्या प्रतीला मात्र तो दर्जा नाही, हा फरक ध्यानात असू द्यावा.

कुलूप लावायचे तर किल्ली कोणाकडे, हाही प्रश्न आहे. आधार, बँकेचे कागद, पीडितेचा जबाब असलेली डिस्क परवलीच्या शब्दाने बंद असलीच पाहिजे. परंतु तो शब्द घरातल्या एकाच पुरुषाच्या डोक्यात असेल तर त्याच्यामागे सारे कुलूपबंद होते. ज्या माउलीने ट्रंक सांभाळली, तिला आणि तिच्या लेकीला हा शब्द कागदावर लिहून द्यावा. आपल्या मृत्यूनंतर खाते कोणाच्या हाती जावे, हे गुगल आणि अॅपल या दोन्हींमध्ये आधी नोंदवून ठेवता येते.

आणि चळवळीच्या पुढाऱ्यांना आमचा एक सवाल आहे. संघटनेचे ठराव, मोर्चांचे फोटो, तुरुंगात गेलेल्यांच्या याद्या आज कोणाकडे आहेत? एका अध्यक्षाच्या घरी! गट फुटला की कागदही फुटतात, नेता गेला की त्याच्या घरचे रद्दीत घालतात. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेवर जेवढा पैसा उडतो, त्यात एका विहाराचा स्कॅनर आणि दोन डिस्क येतील. विहारातल्या दोन शिकलेल्या मुलींनी रविवारी बसून वस्तीचे कागद उतरवावेत. खासगी कागदांची प्रत ज्याच्या त्याच्या हवाली करावी. समाजाच्या कागदांची एक प्रत विहारात, दुसरी दुसऱ्या तालुक्याच्या विहारात ठेवावी.

प्रत काढून थांबू नये. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, ती आहे की नाही हेच ठाऊक नसते. म्हणून एक दिवस ठरवावा. आम्ही ६ डिसेंबर सुचवतो. चैत्यभूमीवर अभिवादन करून आल्यावर, किंवा घरच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावल्यावर, डिस्क जोडावी, चार फाईली उघडून पाहाव्यात, वर्षभराचे नवे कागद त्यात भरावेत. ज्या महामानवाची पुस्तके समुद्राने गिळली आणि कागद पावसाने भिजवले, त्याच्या अनुयायांनी निदान आपल्या घरातला एकही कागद तसा जाऊ देऊ नये. जय भीम!